मधली माणसं गेली कुठे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: समाज दोन तटांत वाटला गेला आहे, मधे उभं राहिलं की दोन्हीकडून शिव्या मिळतात, मग मध्यममार्गी माणूस संपत चालला आहे का? आणि तो टिकवायचा असेल तर करायचं काय? विचारणाऱ्यांनी पुढे हेही लिहिलं आहे की घरच्या ग्रुपवर राजकारणाचा विषय निघाला की आपण आता वाचून गप्प बसतो.

पहिल्या भागाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: संपलेला नाही. मी बरीच वर्षं जनमत सर्वेक्षणाच्या कामात आहे. प्रश्नावल्या तयार करणं, सर्वेक्षकांना शिकवणं, त्यांच्याबरोबर दारोदार फिरणं, आणि अलीकडे टोकाची मतं असलेल्यांना एका टेबलाभोवती बसवून चर्चा घडवणं, असं हे काम. त्यात मधली माणसं सतत भेटतात. पण त्यांना ओळखण्याची आपली रीत फसवी आहे, आणि त्यांनी तोंड उघडण्याची किंमत मात्र खरोखर वाढली आहे.

आधी रीत कशी फसते ते सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. समजा पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर 1 ते 5 या पट्टीवर द्यायचं आहे; 1 म्हणजे एक टोक, 5 म्हणजे दुसरं. एक जण पाचही ठिकाणी 3 वर खूण करतो. दुसरा म्हणतो, श्रीमंतांवर जबर कर लावा, गुन्हेगाराला भर चौकात फाशी द्या, उपचार सगळ्यांना फुकट करा, बाहेरून आलेल्यांना उद्याच हाकला. पाचव्या प्रश्नावर त्याचं विशेष मत नाही. त्याचे आकडे येतात 1, 5, 1, 5, 3. दोघांचीही सरासरी 3. अहवालात दोघेही ‘मध्यममार्गी’ या एकाच रकान्यात जातात. आता या दुसऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोलून बघा, त्याच्यात मवाळ असं काही सापडणार नाही. डेव्हिड ब्रूकमन या अमेरिकी अभ्यासकाने नेमकं हेच दाखवून दिलं: सरासरीने मधे दिसणाऱ्यांत असे बरेच जण असतात, ज्यांची एकेका प्रश्नावरची मतं चांगलीच टोकाची असतात, पण ती एकाच तटाच्या साच्यात बसत नाहीत.

याशिवाय तिसरा एक गट आहे, ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांचा. कार्यालयात बसून आकडेवारी बघणाऱ्याला ही मंडळी उदासीन वाटतात. दारात उभं राहून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. सर्वेक्षक टॅबलेट हातात धरून प्रश्न विचारत असतो, उत्तर देणाऱ्या बाईंच्या मागे दीर किंवा सासरा उभा असतो, शेजारचा कुंपणावरून कान देत असतो. प्रश्न राजकारणाकडे वळला की बाईंची उत्तरं आखडतात: माहीत नाही, सांगता येत नाही, तुम्हीच लिहा काहीतरी. मग मुलाखत संपते, टॅबलेट पिशवीत जातो, मागचा माणूस आत निघून जातो, आणि फाटकापर्यंत सोडायला आलेल्या त्याच बाई दोन्ही पक्षांचा असा पंचनामा करतात की ऐकत राहावं. ते अर्थात कुठेच नोंदलं जात नाही, कारण मुलाखत संपलेली असते. म्हणून मी नव्या सर्वेक्षकांना शिकवतो की ‘सांगता येत नाही’च्या पुढे कंसात लिहा, त्या वेळी आसपास कोण होतं.

खरोखरच उदासीन असलेले लोकही पुष्कळ असतात, हे नाकारत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी 1964 मध्येच मांडून ठेवलं आहे की बहुसंख्य मतदारांची मतं एका सूत्रात ओवलेली नसतात. तेच प्रश्न काही काळाने पुन्हा विचारले तर बरेच जण वेगळी उत्तरं देतात. राजकारण हा त्यांच्या आयुष्यातला लहानसा कोपरा असतो. यात मला तरी काही गैर वाटत नाही. चोवीस तास राजकारण चघळणाऱ्यांचा समाज राहायला फार सुखाचा असेल असं नाही.

मग ध्रुवीकरण म्हणजे नेमकं झालं काय? सगळ्यात जास्त मोजमाप अमेरिकेत झालं आहे, म्हणून तिथलं उदाहरण घेतो. आज ऐकून गंमत वाटेल, पण 1950 मध्ये तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक अहवाल काढून तक्रार केली होती की आपल्या दोन पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदाराने निवड करायची कशातून? त्या काळी दोन्ही पक्षांत उदारमतवादी होते आणि दोन्हींत सनातनीही होते. कृष्णवर्णीयांविरुद्धचा भेदभाव बेकायदा ठरवणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतरच्या दशकांत ही सरमिसळ हळूहळू निवळत गेली. दक्षिणेतले सनातनी गोरे मतदार डेमोक्रॅटिक पक्षातून बाहेर पडले, उदारमतवादी रिपब्लिकन विरळ झाले. मॉरिस फिओरिना हे अभ्यासक म्हणतात ते मला पटतं: लोकांची मतं टोकाला गेली त्यापेक्षा लोक मतांप्रमाणे आपापल्या पक्षाच्या पेटीत नीट लावले गेले, हा मोठा बदल. सगळ्यांना हे मान्य नाही. ॲलन अब्रामोविट्झ यांच्या मते राजकारणात रस घेणाऱ्या लोकांची मतंही खरोखर दूर गेली आहेत. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट अशी की एकमेकांबद्दलचा राग मतभेदांपेक्षा कितीतरी वेगाने वाढला.

त्याचं सगळ्यात बोलकं मोजमाप लग्नाच्या प्रश्नातून मिळतं. आपल्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या समर्थकाशी लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का, असं 1960 मध्ये विचारलं तेव्हा दोन्ही पक्षांतले जेमतेम पाच टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते. 2010 मध्ये असाच प्रश्न विचारला, तेव्हा रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी नाराजी दाखवली. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे आकडे समोर ठेवले आणि भावनिक ध्रुवीकरण, म्हणजे समोरच्या बाजूच्या माणसांबद्दलच वाढत जाणारा राग, या विषयाला तिथून खरी गती आली. लक्षात घ्या, हा प्रश्न कराबद्दल किंवा कायद्याबद्दल नाही. तो सोयरिकीबद्दल आहे.

पक्षाची ओळख जेव्हा धर्म, वंश, शिक्षण, शहर-गाव या बाकीच्या सगळ्या ओळखींवर चपखल बसते, तेव्हा असं होतं. पूर्वी एखाद्याचं मत एका पक्षाला, प्रार्थना दुसऱ्या पक्षाच्या लोकांबरोबर आणि कामगार संघटना तिसऱ्यांच्या वर्चस्वाखाली, अशी गुंतागुंत असायची. त्यामुळे कोणाचाही समूळ द्वेष करणं गैरसोयीचं होतं. ज्याचा राग यायचा, त्याच्याकडे संध्याकाळी कामही पडायचं. मधला माणूस घडायचा तो या गैरसोयीतून. स्वभावाने समंजस असणारे लोक तेव्हा जास्त होते असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

आता घरच्या ग्रुपकडे येऊ. तिथे जे दिसतं तो समाजाचा नमुना नव्हे. ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेने 2018 मध्ये अमेरिकेत मोठं सर्वेक्षण करून लोकांचे सात गट पाडले. दोन्ही टोकांचे गट मिळून एक तृतीयांशच भरले. उरलेल्या 67 टक्क्यांना त्यांनी ‘दमलेलं बहुमत’ म्हटलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली: विरोधी बाजूचे किती लोक टोकाची मतं बाळगतात, याचा अंदाज लोकांना विचारला आणि तो प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. अंदाज खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे प्रत्येक बाजू समोरच्या बाजूचं जे चित्र मनात धरून भांडते, ते तिथल्या सर्वांत कर्कश लोकांचं चित्र असतं. माझ्या चर्चागटांत पहिल्या तासात दिसतं ते हेच. माणसं समोर बसलेल्याला उत्तर देत नाहीत. काल मोबाइलवर पाहिलेल्या कोणा भलत्यालाच उत्तर देतात, आणि समोरचा बिचारा ‘मी असं म्हटलंच नाही’ म्हणत राहतो.

यावर सुचवला जाणारा ठरलेला उपाय म्हणजे ‘दुसऱ्या बाजूचंही वाचत जा’. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण तो उलटू शकतो. ख्रिस बेल हे अमेरिकी अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटरवरच्या लोकांना थोडे पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे संदेश दाखवणारं खातं फॉलो करायला लावलं. महिन्याअखेर रिपब्लिकन आधीपेक्षा जास्त सनातनी झालेले दिसले. डेमोक्रॅटही किंचित जास्त उदारमतवादी झाले, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. विरोधी मतांचा नुसता मारा केला की माणूस अंग चोरून आपल्या कळपात शिरतो. उलट, ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी 2016 मध्ये मायामीतल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले: दारात उभं राहून सुमारे दहा मिनिटांचा संवाद, ज्यात भर होता समोरच्याला बोलतं करण्यावर आणि त्याचे स्वतःचे अनुभव आठवायला लावण्यावर. ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह त्यातून कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. दोन्ही ठिकाणी लोकांसमोर वेगळा विचार आला होता. एका ठिकाणी तो स्क्रीनवरून आला, दुसऱ्या ठिकाणी ऐकून घेणाऱ्या माणसाबरोबर.

मधे एवढे लोक आहेत तर नेते त्यांच्याकडे का येत नाहीत, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे तर यायला हवेत: दोन पक्ष असतील, मतदार एका रेषेवर पसरलेले असतील आणि सगळे मतदान करत असतील, तर दोघांनाही मधल्या मतदाराकडे सरकावं लागतं. मेख त्या ‘तर’मध्ये आहे. सगळे मतदान करत नाहीत. दमलेला माणूस घरी बसतो, चिडलेला रांगेत सगळ्यात पुढे असतो. उमेदवारी ठरवणारे पक्षांतर्गत लोक त्याहून मूठभर आणि त्याहून कडवे. मग हुशार नेता हिशेब करतो की मधल्या दहा जणांची मनधरणी करण्यापेक्षा आपल्या दहा जणांना चेतवणं स्वस्त पडतं.

निवडणुकीचे नियम बदलले की हा हिशेबही बदलतो. ऑस्ट्रेलियात 1918 पासून पसंतीक्रमाचं मतदान आहे (उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती द्यायची) आणि 1924 मध्ये मतदान सक्तीचं झालं. 1922 मध्ये तिथे साठ टक्क्यांहून कमी लोकांनी मतदान केलं होतं. 1925 मध्ये ते प्रमाण 91 टक्क्यांवर गेलं. सगळेच येणार असले की आपल्यांना चेतवून फारसं साधत नाही, आणि दुसऱ्या पसंतीची मतं हवी असतील तर प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराला शिव्या घालून चालत नाही. तिथे टोकाचे पक्ष नाहीत असं नव्हे, पण त्यांना मुख्य पक्षांची मानगूट धरणं अवघड जातं. याच्या उलट ब्रिटनमध्ये 1983 साली लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या मधल्या आघाडीला 25.4 टक्के मतं पडली आणि 650 पैकी 23 जागा मिळाल्या. मजूर पक्षाला 27.6 टक्के मतांवर 209. मतदार होता, त्याने मतही दिलं, फक्त ‘मतदारसंघात पहिला येईल तोच जिंकला’ या नियमाने ते मोजलं नाही.

म्हणूनच ‘मधल्यांचा वेगळा पक्ष काढू’ ही सूचना आली की मी जरा सावध होतो. इटालियन राज्यशास्त्रज्ञ जोव्हानी सार्तोरी यांनी 1976 मध्ये उलटाच धोका दाखवला होता: मधली जागा एखाद्या पक्षाने कायमची बळकावली की बाकीच्यांना मधे यायला वावच राहत नाही आणि ते बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. युद्धोत्तर इटली त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी निवडणूक-गणिताचा माणूस नाही, तरी एवढं सांगेन की मधला पक्ष काढण्यापेक्षा दोन्ही मोठ्या पक्षांत मधली माणसं उमेदवारी मिळवू शकतील असे नियम करून घेणं जास्त टिकाऊ ठरतं.

आता मध्यममार्गीयांवरच्या जुन्या आरोपाबद्दल: तळ्यात-मळ्यात करणारे, अन्याय चालू असताना ‘दोन्ही बाजू चुकताहेत’ म्हणणारे. हा आरोप खोटा नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मोठी खंत कोणाबद्दल बोलून दाखवली होती? न्यायापेक्षा शांतता प्यारी असलेल्या गोऱ्या मवाळांबद्दल. दोन मतांच्या बरोब्बर मधे उभं राहणं हेच तुमचं धोरण असेल, तर तुमची जागा तुम्ही ठरवतच नाही. एका बाजूने दहा पावलं बाहेर टाकली की तुम्ही आपोआप पाच पावलं सरकता आणि तरी स्वतःला समतोल समजता.

हे कुठवर जाऊ शकतं ते जर्मनीत दिसलं. तिथे 1919 च्या निवडणुकीत नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूच्या तीन पक्षांना मिळून तीन चतुर्थांश मतं होती. त्यांपैकी उदारमतवाद्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष 18.5 टक्क्यांवरून जुलै 1932 पर्यंत एका टक्क्यावर आला. त्या महिन्यात नाझी आणि कम्युनिस्ट मिळून निम्म्याहून जास्त मतं घेऊन गेले. एकमेकांचे कट्टर शत्रू, पण प्रजासत्ताक मोडण्यावर दोघांचं एकमत. कॅथलिकांचा सेंटर पक्ष मात्र शेवटपर्यंत आपली मतं राखून होता. 23 मार्च 1933 रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा संसदेत आला तेव्हा या मध्यममार्गी पक्षाने बाजूने मत दिलं. विरोधात पडलेली 94 मतं सोशल डेमोक्रॅटांची होती. कम्युनिस्टांना तोवर सभागृहाबाहेरच ठेवलेलं होतं.

याच काळातलं फिनलंड बघा. तिथे लापुआ ही कम्युनिस्टविरोधी, हिंसक उजवी चळवळ जोरात होती. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफ्वुद स्वतः कडवे उजवे, 1931 मध्ये याच चळवळीच्या पाठबळावर निवडून आलेले. फेब्रुवारी 1932 च्या अखेरीस मँटसॅला इथे सशस्त्र लोक जमले आणि सरकार पाडायच्या गोष्टी करू लागले. स्विनहुफ्वुद यांनी 2 मार्चला रेडिओवरून त्यांना घरी जायला सांगितलं. सामान्य माणसाने मुकाट परत जावं, त्याला शिक्षा होणार नाही. म्होरक्यांना मात्र सोडणार नाही, असा त्यांचा सूर होता. काही दिवसांत बंड विरलं आणि चळवळीवर बंदी आली. मतांच्या पट्टीवर हा माणूस मधे कुठेच बसत नाही. पण लोकशाही वाचवणारं मध्यममार्गी काम त्याने केलं, कारण आपल्या बाजूच्या लोकांना तो ‘इथे थांबा’ म्हणाला, आणि त्या लोकांनी त्याचं ऐकलं ते तो त्यांच्यातलाच होता म्हणून. हेच विरोधी पक्षाच्या कोणी सांगितलं असतं तर बंडखोरांना चेवच आला असता.

तेव्हा मध्यममार्ग मी मतांच्या जागेवरून ओळखत नाही. आपल्या बाजूने नियम मोडला तर हा माणूस काय म्हणतो, हे बघतो. ‘आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हे ज्याच्याकडून होत नाही, तो कर कमी करा म्हणो की वाढवा म्हणो, माझ्या लेखी तो मधला.

शेवटचा भाग, करायचं काय. ग्रुपवर दोन्ही बाजूंना समजावत बसू नका. तुमचं ऐकायची तिथे कोणालाच गरज नसते. ज्या बाजूकडे तुमचा थोडासा का होईना कल आहे, त्या बाजूच्या माणसाने धडधडीत खोटं पाठवलं की त्याला वेगळा मेसेज करा किंवा सरळ फोन करा. मामा असेल तर मामाला, मित्र असेल तर मित्राला: ‘हे मी तपासलं, खरं नाही निघालं, तेवढं काढून टाकाल का?’ चारचौघांत टोकलं की माणूस बचावाला उभा राहतो. एकट्याला सांगितलं तर बरेचदा गुपचूप काढून टाकतो. त्याने चूक कबूल करावी अशी अपेक्षा ठेवू नका, पोस्ट गेली एवढं पुरे.

प्रत्यक्ष बोलणं झालं तर ‘तुम्हाला असं का वाटतं?’ हा प्रश्न टाळा. त्यावर लोक पाठ केलेली कारणं म्हणून दाखवतात आणि स्वतःच्याच आवाजाने जास्त ठाम होतात. त्याऐवजी ‘हे अमलात कसं येईल?’ असं विचारा. उद्या हा कायदा झाला, तर पहिल्या दिवशी कुठला अधिकारी काय करेल, पैसे कुठून येतील, नियमात न बसणाऱ्यांचं काय होईल. माझ्या टेबलावर आवाज खाली येतात ते बहुतेक वेळा इथे, कारण तपशिलात शिरल्यावर दोघांनाही अडचणी दिसायला लागतात आणि बोलण्यात ‘तुम्ही लोक’ऐवजी ‘ते कलम’ येतं.

हे संघटितपणे केलं तर किती लांब जातं, याचा दाखला आयर्लंडमध्ये आहे. गर्भपाताच्या प्रश्नावर तो देश कित्येक दशकं दुभंगलेला होता. 2016 मध्ये सरकारने 99 सामान्य नागरिकांची, यादृच्छिक पद्धतीने निवडलेली सभा बसवली. त्यांनी कित्येक शनिवार-रविवार तज्ज्ञांना आणि दोन्ही बाजूंना ऐकलं, छोट्या टेबलांवर चर्चा केली आणि घटनेतली बंदी बदलण्याची शिफारस केली. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. हरलेल्यांची मतं काही बदलली नाहीत, पण आपलं म्हणणं ऐकलंच गेलं नाही, असं म्हणायला त्यांना फारशी जागा उरली नव्हती.

आमच्या चर्चांच्या शेवटी मी मतं बदलली का, हे विचारत नाही. ती दोन दुपारींत बदलावीत असंही मला वाटत नाही. प्रत्येकाला समोरच्याची बाजू मांडायला सांगतो, आणि समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं म्हटलं तरच ते धरतो. पहिल्या फेरीत बहुतेक जण नापास होतात, त्यात दोन्हीकडचे शिकलेले लोक जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी निम्म्याअधिक जणांना ते जमतं.